पट्टा जमा करताना

मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या जंजीर या लॅब्रॅडॉरच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं आहेत. १९९३च्या साखळी बॉम्बस्फोटांनंतरच्या शोधमोहिमांत त्याचं नाव झालं. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला आणि पोलिसांनी त्याला इतमामाने निरोप दिला. त्याच्यावर फुलं वाहणाऱ्या अधिकाऱ्याचा फोटो लोक आजही एकमेकांना पाठवतात. मला मात्र त्या फोटोपेक्षा ते आकडे जास्त बोलके वाटतात. काडतुसांचा हिशेब शेवटच्या सहापर्यंत लागतो, तो आपोआप लागत नाही. प्रत्येक शोधानंतर दमलेल्या हँडलरने, म्हणजे कुत्रा सांभाळून त्याच्याबरोबर काम करणाऱ्या पोलिसाने, वही उघडून नोंद केलेली असते, तेव्हा तो लागतो.

पोलिसांच्या कुत्र्याचा सन्मान त्याच्या मरणानंतर सुरू होत नाही, तो या वहीतच सुरू होतो. तारीख, ठिकाण, काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं, हवा कशी होती, वारा कुठून होता, कुत्र्याने खूण कशी दिली, बसून की भुंकून, खूण खरी निघाली की खोटी, हे सगळं तिथे असायला हवं. काहीच सापडलं नाही त्या दिवसाचीही नोंद हवी, आणि ती तर आधी हवी. स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्याचं बहुतेक आयुष्य रिकाम्या खोल्या तपासण्यात जातं. सभेचं व्यासपीठ, विमानतळावरच्या बॅगांची रांग, पाहुणे यायच्या आधीचं सभागृह. तो फिरतो, बसत नाही, आणि त्याच्या न बसण्यावर विसंबून शेकडो माणसं आत जातात. आठ वर्षांत एकही बॉम्ब न सापडलेला कुत्रा वारला की श्रद्धांजलीच्या भाषणात वरिष्ठ अडखळतात, सांगण्यासारखं काही नाही असं त्यांना वाटतं. वही नीट ठेवलेली असेल तर सांगायला भरपूर असतं: इतक्या जागा त्याने निर्धोक ठरवल्या आणि त्यातली एकही चुकीची निघाली नाही.

कुत्रे मरतात कशाने, याबद्दल बाहेरच्या लोकांच्या मनात एकच चित्र असतं: गोळी. गोळीने मरतातही. १८ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसजवळच्या सँ-दनीमध्ये अतिरेक्यांच्या घरावर छापा पडला, त्यात फ्रेंच पोलिसांच्या ‘रेड’ नावाच्या विशेष पथकातली डिझेल ही बेल्जियन मॅलिनॉइज गेली. पुढे तिला प्राण्यांसाठीचं डिकिन पदक मिळालं. पण श्वान पथकात काम करणाऱ्यांना विचारलं तर ते आधी उन्हाचं नाव घेतात.

कुत्र्याच्या शरीराचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. ४१च्या वर गेलं की आतडी, मूत्रपिंडं, मेंदू आणि रक्त गोठण्याची क्रिया, सगळ्यांवर एकाच वेळी घाला पडतो. त्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकूनच थंड होतो, आणि हवेत दमटपणा असला की तो उपायही अपुरा पडतो. घरचा कुत्रा दमला की सावलीत जाऊन पडतो. कामाचा कुत्रा थांबत नाही, कारण न थांबणाऱ्यांतूनच त्याची निवड झालेली असते. म्हणून थांबवायचं काम हँडलरचं. जीभ लांब लोंबते आणि टोकाशी पसरट होते, लाळ घट्ट होते, ओळखीच्या हुकमाला तो उशिरा वळतो, मागचे पाय किंचित फाकतात. हुकमाला झालेला उशीर सगळ्यात आधी दिसतो आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो, कारण कुत्रा मागावर रंगला आहे असं वाटतं. अशा वेळी आधी थंड करायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं. पाणी पोटावर, जांघेत, काखेत ओतत राहायचं आणि वारा घालायचा. ओला टॉवेल अंगावर टाकून सोडून देऊ नये, तो काही मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. तापमान ३९.५ला आलं की ओतणं थांबवायचं, नाहीतर ते पुढे नको तितकं खाली घसरतं. आणि कुत्रा उठून शेपूट हलवू लागला तरी दवाखाना चुकवायचा नाही. मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याचा बिघाड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं वर काढतो.

गाडीतलं मरण याहून वाईट. इंजिन चालू, एसी चालू, कुत्रा मागच्या पिंजऱ्यात, हँडलर दहा मिनिटांसाठी आत गेलेला. कॉम्प्रेसर बंद पडतो आणि पंखा गरम हवा फेकत राहतो. याच्यासाठी यंत्रणा मिळते: पिंजऱ्यातलं तापमान ठरलेल्या मर्यादेवर गेलं की काचा खाली येतात, पंखा सुरू होतो, भोंगा वाजतो, हँडलरच्या फोनवर सूचना जाते. ती कुचकामी ठरते ती बहुधा माणसांमुळे. दोन-तीनदा उगाच वाजली म्हणून कुणीतरी बंद करून ठेवलेली असते. दर पाळीच्या सुरुवातीला सेन्सर हातात धरून गरम करायचा आणि भोंगा वाजतो का ते पाहायचं, इतकं साधं काम आहे. असं मरण आलं की हँडलरच्या वाट्याला दुःखाबरोबर चौकशी येते आणि सहकारी त्याच्यापासून लांब उभे राहू लागतात. चौकशी व्हायलाच हवी, आणि ती खरी व्हायला हवी. पण चौकशी चालू असताना रोज संध्याकाळी त्याला फोन करणारा एक माणूस पथकाने नेमावा. हे दोन्ही एकाच वेळी करता येतं.

पोटाला पीळ पडून जर्मन शेफर्डसारखे खोल छातीचे कुत्रे काही तासांत जातात. पोट फुगतं, उलटीचे उमाळे येतात पण काही पडत नाही, कुत्रा बसत नाही आणि उभाही राहत नाही. रात्री एकटा असेल तर सकाळी उशीर झालेला असतो. म्हणूनच जेवणानंतर लगेच पळवायचं नाही हा नियम आहे, आणि काही दलांत जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून आधीच बांधून घेतात. प्लीहेवरची गाठ फुटून आतल्या आत रक्तस्राव होतो, तेव्हा तर सकाळी कामावर असलेला कुत्रा दुपारी नसतो.

आणि काही मरणं कुठल्याच नियमात बसत नाहीत. एप्रिल २०२५मध्ये छत्तीसगड-तेलंगण सीमेवरच्या कर्रेगुट्टा टेकड्यांत सीआरपीएफच्या रोलो या दोन वर्षांच्या मादीवर मधमाश्यांचा थवा तुटून पडला. हँडलरने तिला प्लास्टिकच्या कापडाखाली झाकलं. माश्या आत घुसल्या आणि वेदनेने ती कापडातून बाहेर आली. सुमारे दोनशे डंख बसले होते. उपचार झाले, पण ती वाचली नाही.

कुत्रा अचानक गेला असेल तर शवविच्छेदन करावं, यावर मी ठाम आहे. हँडलर बहुधा नको म्हणतो. आयुष्यभर ज्याच्या अंगावर ओरखडा उठू दिला नाही त्याच्यावर सुरी चालवायची कल्पना त्याला सहन होत नाही. त्याला आधी सांगायचं की छेद छाती-पोटावर असतो, शिवून घेता येतो आणि झेंड्याखाली दिसत नाही. शव २४ तासांच्या आत, चार अंशांच्या आसपास थंड ठेवून पाठवायचं. बर्फात गोठवायचं नाही, गोठलं की पेशी फुटतात आणि तपासणारा आंधळा होतो. दाट केसांमुळे मोठ्या कुत्र्याचं शरीर आतून तासन् तास गरम राहतं, त्यामुळे बर्फाच्या पिशव्या पोटाला आणि जांघेला लावाव्यात. विषाची शंका असेल तर जठरातलं अन्न वेगळं ठेवायला सांगावं. अहवाल आला की तो कागदावर हातात देऊ नये. पशुवैद्यकाने समोर बसवून समजावून सांगावा. गाठ महिनोन् महिने आत वाढत होती, बाहेरून ती कुणालाही दिसली नसती, हे वाक्य हँडलरला डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं असतं. सहकाऱ्यांनी तेच शंभरदा सांगून उपयोग होत नाही.

म्हातारपणातलं मरण मात्र बहुतेक वेळा ठरवून द्यावं लागतं. कुत्रा दलाच्या मालकीचा असेल तर सही दलाची लागते, हँडलरची नाही. ही गोष्ट नियमाने बरोबर असली तरी निर्णयाच्या खोलीत हँडलर हवाच, आणि त्याला पुढे काय काय दिसणार हे आधी सांगायला हवं. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, कुत्रा पाच-दहा मिनिटांत डोकं टेकतो. मग पुढच्या पायाच्या शिरेतून पेंटोबार्बिटल हे औषध जातं आणि हृदय एक-दोन मिनिटांत थांबतं. डोळे उघडेच राहतात. नंतरही एखादा खोल श्वास येतो, कातडी थरथरते, लघवी सुटते. हे माहीत नसलेल्या माणसाला तो अजून जिवंत आहे, त्याला त्रास होतो आहे असं वाटतं, आणि ते चित्र वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाही. आधी दोन वाक्यं सांगितली असती तर ते टळलं असतं. गुंगी चढण्याआधी त्याचा चेंडू किंवा चावायची दोरी त्याच्या तोंडात द्यावी. कामाचं बक्षीस म्हणून आयुष्यभर त्याने तीच मागितलेली असते.

त्यानंतरचे दोन-तीन तास महत्त्वाचे. शरीर ताठ व्हायच्या आत पाय जवळ घेऊन त्याला कुशीवर ठेवावं, मागे शोषून घेणारं कापड घालावं. पंजाचा ठसा घ्यायचा असेल तर आत्ताच, नंतर बोटं पसरत नाहीत. बोटांमधले केस कातरायचे, गादी पुसून कोरडी करायची, शाई पातळ लावायची आणि पंजा कागदावर दाबण्याऐवजी पुठ्ठ्याला लावलेला कागद पंजावर दाबायचा, तेव्हा ठसा फिसकटत नाही. एक घेऊन थांबू नये, सहा-सात घ्यावेत. हँडलरला एक, कार्यालयाला एक. दुसरा हँडलर असेल तर त्यालाही. या दुसऱ्या हँडलरला हटकून विसरलं जातं. रजेच्या दिवशी, पहिला आजारी असताना, रात्रीच्या पाळीला कुत्रा त्याचाच असतो. कातडीखालची मायक्रोचिप वाचून नंबर वहीत लिहावा, म्हणजे कागदावरचा मृत्यू आणि हा देह एकच आहे हे पक्कं होतं. पुरायचं असेल तर वर किमान मीटरभर माती हवी आणि जागा विहीर-ओढ्यापासून लांब हवी. इंजेक्शन दिलेल्या देहात औषध टिकून राहतं, तो उकरून खाणारं जनावरही त्याने मरतं. खड्डा आधी खणून ठेवावा. मानवंदनेला उभी असलेली माणसं फावडं शोधत फिरतात, असं होऊ नये.

मानवंदना अर्ध्या तासाच्या आत आटपावी. कुत्र्याचं नाव, जन्म, रुजू होण्याची तारीख, कामाचा प्रकार, हँडलरांची नावं, वहीतल्या दोन-तीन नोंदी, फुलं, बिगुल, सलामी. काही देशांत वायरलेसवरून त्याला शेवटची हाक देतात: नियंत्रण कक्ष त्याच्या नावाने पुकारतो, उत्तर येत नाही, पुन्हा पुकारतो, मग त्याची सेवा संपल्याची वेळ जाहीर होते. ही हाक सगळ्या चॅनेलवर जाणार असेल तर हँडलरला आधी कळवायलाच हवं. न सांगता कानावर पडली तर भरल्या गाडीत माणूस कोसळतो. बंदुकीची सलामी द्यायची असेल तर बाकीचे कुत्रे लांब ठेवावेत. गोळीच्या आवाजावर हल्ला करायला शिकवलेले कुत्रे रांगेत असतील तर ते आखूड पट्ट्यावर, एकमेकांपासून तीन-चार मीटरवर, आणि दोघांच्या मध्ये माणूस. फलकावरचं नाव कोरण्याआधी हँडलरला वाचून दाखवावं. चुकीच्या स्पेलिंगचा दगड बदलायला कुणाकडे पैसे नसतात, आणि ती चूक तो माणूस तिथून जाताना दरवेळी वाचतो.

न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी पोर्ट ऑथॉरिटी पोलिसांचा सिरियस हा लॅब्रॅडॉर वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण मनोऱ्याच्या तळघरात, केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या खोलीत होता. त्याचे हँडलर डेव्हिड लिम त्याला तिथे ठेवून लोकांच्या मदतीला उत्तर मनोऱ्यात धावले आणि ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. सिरियसचे अवशेष जानेवारी २००२मध्ये सापडले. लिमना बोलावून घेतलं गेलं, यंत्रं थांबवली गेली आणि झेंड्यात गुंडाळून त्याला बाहेर नेलं. इतक्या मोठ्या मृत्यूच्या जागी एका कुत्र्यासाठी काम थांबलं. पण त्याहून मोठी गोष्ट ही की ज्याचा तो होता त्याला तिथे हजर राहता आलं.

यानंतर येतं भांडार. कॉलर, लीश, हार्नेस, वाडगा, ब्रश, थुंकी लागून कडक झालेली चावायची बाही: सगळं सरकारी सामान, सगळ्याला नोंद क्रमांक. हँडलरने ते मोजून जमा करायचं आणि पावती घ्यायची. कायद्याच्या नजरेत कुत्राही कितीतरी ठिकाणी असाच सामानात गणला गेला आहे. इंग्लंडमध्ये ५ ऑक्टोबर २०१६ रोजी फिन या पोलिसी जर्मन शेफर्डवर चाकूचे वार झाले. तो वाचला, पण त्याच्या जखमांबद्दल लागलेला गुन्हा मालमत्तेच्या नुकसानीचा होता. त्याच्या हँडलरने आणि लोकांनी पाठपुरावा केला, त्यातून २०१९ साली सेवेतल्या प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कायदे बदलायला वर्षं लागतात. पट्टा मात्र कुठल्याही पथकप्रमुखाला एका टिपणीत निर्लेखित करता येतो, म्हणजे सरकारी हिशेबातून वगळता येतो. कॉलर आणि लीश हँडलरला द्यावेत. चामड्याची लीश वर्षानुवर्षं एकाच हातात राहिली की पकडीच्या जागी काळी आणि मऊ पडते, मूठ जिथे वळते तिथे तिला बाक येतो. ती पुढच्या कुत्र्याला लावता येईल, पण दुसऱ्या कुणाच्या हातात ती नीट बसत नाही.

हँडलरच्या दुःखात एक गोष्ट अशी आहे जी घरचा कुत्रा गमावणाऱ्याला सहसा सोसावी लागत नाही. ‘जा’ हा शब्द त्याने स्वतः उच्चारलेला असतो. दाराच्या आत माणसाआधी कुत्रा जावा, यासाठीच त्याला शिकवलं होतं, आणि तो गेला कारण सांगणाऱ्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. याला ‘तू तुझं कर्तव्य केलंस’ हे उत्तर पुरत नाही. ‘दुसरा मिळेल’ हे तर बोलूच नये. ज्याला काही बोलायचं असेल त्याने विचारावं: त्याचा सगळ्यात अवघड माग कोणता होता? मग ऐकत बसावं.

शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं होतं, ज्याला आजूबाजूचे लोक दुःख म्हणून मान्यताच देत नाहीत. हँडलरचं दुःख त्यातलंच. त्याला सुतक नाही, रजेच्या अर्जात लिहायला रकाना नाही. आणि कुत्र्याबरोबर त्याचं कामही गेलेलं असतं. काल तो श्वान पथकातला होता, आज त्याला बंदोबस्ताला पाठवतात. शरीराला हे कळायला वेळ लागतो. पहाटे तो त्याच वेळेला उठतो. चालताना, कुत्रा जिकडे असायचा तो डावा हात थोडा बाहेर राहतो, दारातून जाताना डावीकडे जागा सोडली जाते. पथकाने पहिले काही दिवस त्याला दुसऱ्या कुत्र्याच्या देखभालीला लावू नये. केनेल त्याला न विचारता धुऊन टाकू नये, स्वतः धुवायचं की दुसऱ्याने, हे त्यालाच विचारावं. कुत्रा पार्व्होसारख्या संसर्गाने गेला असेल तर थांबता येत नाही, ते विषाणू जागेत महिनोन् महिने तग धरतात. तेव्हा कारण सांगून लगेच ब्लीचने धुवावं, पण दारावरची नावाची पाटी काढून आधी त्याच्या हातात द्यावी. झोप उडणं, दारू वाढणं, सतत तोच प्रसंग सांगणं किंवा त्याबद्दल अवाक्षर न काढणं, हे आठवड्यांमागून आठवडे चाललं तर समुपदेशकाकडे न्यावं. आणि तोवर त्याच्याकडे शस्त्र असावं का, हा प्रश्न वरिष्ठांनी संकोच न करता विचारावा.

नवा कुत्रा कधी द्यायचा याला ठरलेला काळ नाही. त्याच आठवड्यात दिला तर हँडलर त्याच्याकडे बघतच नाही. फार लांबवलं तर तो पथकातून निघून जातो आणि त्याच्याबरोबर कितीतरी वर्षांचं शिक्षण जातं. त्याला निवडीला न्यावं. रंगाने, जमल्यास लिंगानेही वेगळा कुत्रा बघावा. नाव जुनं देऊ नये, हाक मारताना आवाज अडकतो आणि हुकमाच्या स्वरातला तो बदल कुत्र्याला लगेच जाणवतो. पहिल्या महिन्यांत तुलना होणारच: तो एका खुणेत समजायचा, हा दहादा चुकतो. इथे पुन्हा वही काढावी. पण जुन्या कुत्र्याची शेवटच्या वर्षाची नव्हे, पहिल्या तीन महिन्यांची पानं उघडावीत. तिथे खोट्या खुणा असतात, मांजरीमागे सोडलेला माग असतो, ‘आज ऐकलं नाही’ असे शेरे हँडलरच्याच अक्षरात असतात.

निवृत्त झालेल्या कुत्र्यांचं एक राहून जातं. काही हँडलरच्या घरी जातात, काही दत्तक दिले जातात, काही निवृत्त कुत्र्यांच्या निवाऱ्यात राहतात. दोन-तीन वर्षांनी तिथे कुत्रा शांतपणे वारतो, नवं कुटुंब रडतं आणि विधी करतं. आणि ज्याच्या डाव्या बाजूला तो आठ वर्षं चालला त्याला कुणाच्या तरी बोलण्यातून महिन्यांनी कळतं. तोवर पुरून झालेलं असतं. यासाठी दत्तकपत्रातच एक कलम घालावं: कुत्रा गंभीर आजारी पडला किंवा वारला तर पथकाला त्याच दिवशी कळवायचं. पथकाकडे दोन्ही हँडलरांचे फोन नंबर ठेवावेत, त्यांची बदली झाली तर नवे नंबर लिहून घ्यावेत, आणि फोन कुणी करायचा त्या माणसाचं नाव पत्राच्या पाठीमागे लिहून ठेवावं.